आबांच्या गाडीचा नंबर

दादा,

तू जाताना मला एकच काम सांगून गेलास. आबांची बुलेट रस्त्यावर आण, पण खऱ्या नंबरावर आण, खोटं काही करू नकोस. ते काम माझ्याने झालं नाही. हे तुला कोणीतरी सांगायला हवं. वहिनी सांगणार नाही, ती अजून तुझ्या फोटोकडे नीट बघतसुद्धा नाही. म्हणून मी लिहायला बसले आहे. चौथीनंतर मी कागदावर फारसं लिहिलेलंच नाही. जे लिहिलं ते पेट्रोलच्या टाक्यांवर, तू खडूने काढून द्यायचास त्यावरून ब्रश फिरवून. तेव्हा कुठे चुकलं तर समजून घे.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात बसायला जागा उरली नव्हती. तू बनवलेल्या गाड्या घेऊन माणसं आली होती. लांब हँडलच्या, बुटक्या, मागचं मडगार्ड कापलेल्या, सगळ्या गटारापर्यंत ओळीने उभ्या. वंदना झाल्यावर एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. मग कोणीतरी म्हणालं, "सुमनताई, तुम्हीही दोन शब्द बोला." मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "तिला नका उठवू, ती बोलली की आमचा दर वाढतो." गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तू हेच सांगायचास. मला राग यायचा. वाटायचं, माझी चेष्टा करून हा चहा पाजतोय लोकांना. त्या दिवशी विहारात माझ्या वतीने ते वाक्य म्हणणारं कोणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. माझं गप्प राहणं इतकी वर्षं तू सांभाळत होतास, हे मला तेव्हा कळलं.

मी नांदायला गेले आणि परत आले, तेव्हा तू मला काही विचारलं नाहीस. आई नव्हती. घर एका खोलीचं, त्यात तुझा संसार. मी दिवसभर कोपऱ्यात बसायचे. जयंतीच्या आधी विहाराच्या भिंतीला सगळे रंग देत होते, तेव्हा मी निळा पट्टा ओढला. हातात पट्टी नव्हती, दोरी नव्हती. तू मागे उभा राहून बघत होतास.

"सुमे, हे कशाने ओढलंस?"

"हाताने."

"ते दिसतंय गं मला. सरळ कसं आलं?"

"श्वास धरला की येतं."

दुसऱ्या दिवशी तू मला भांडुपच्या गाळ्यावर नेलंस. जुन्या बुलेटच्या टाकीवर सोनेरी रेघ असते, ती हाताने ओढतात. लांब केसांचा बारीक ब्रश, करंगळी टाकीवर टेकवायची आणि एका श्वासात या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मध्ये थांबलं की रेघेला गाठ पडते. पहिल्या दिवशी मी इतक्या रेघा पुसल्या की तुझा टर्पेंटाइनचा डबा संपला. तू म्हणालास, "पुस अजून. टाकी काय पळून जातेय?" मला शाळेतसुद्धा कोणी असं म्हटलं नव्हतं.

तो मुलगा आठवतो का, ज्याने टाकीवर आपल्या मैत्रिणीचं नाव लिहून घेतलं होतं? पावसाळा संपला तसा परत आला, तोंड पाडून. म्हणाला, नाव काढून टाका. तू मला हाक मारलीस, "सुमे, थिनर आण. आणि ऐक रे, दुसरी भेटली की सांग, ते नाव पेन्सिलने लिहू." तो रडत होता आणि हसायलाही लागला. मला असं कधी जमलं नसतं. गाड्या तर कोणीही कापतं दादा, पण आलेला माणूस हलका होऊन जायचा, ते काम फक्त तुझं होतं. ते आता भांडुपमध्ये कोणी करत नाही.

आबांच्या गाडीवरून आपलं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही.

आबा त्या गाडीवरून मुलुंडला कारखान्यात जायचे. रविवारी आपल्याला पवईच्या तलावावर न्यायचे. टाकीवर तू, मग आबा, मग मी, माझ्यामागे आई. तू टाकीवर गाल टेकून झोपून जायचास आणि आबा एका हाताने तुझी कॉलर धरून गाडी चालवायचे. आबा गेले तशी गाडी टेकडीखाली चाळीच्या भिंतीला लागून उभी राहिली, निळ्या ताडपत्रीखाली. पोरं तिच्यावर बसून खेळायची. एक दिवस तू ती टेम्पोत घालून गाळ्यात आणलीस आणि खडूने तिच्या मागच्या अंगावर खूण केलीस, कुठे कापायचं त्याची.

"आई बसायची ती जागा कापणार तू?"

"जागा नाही गं कापत, लोखंड कापतोय."

"तुला सगळं लोखंडच दिसतं."

"आणि तुला सगळीकडे आई दिसते. खोटं बोलतोय का मी?"

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला आहे तसं राहू द्यावं. तू म्हणालास, "आहे तसं म्हणजे काय? गंजत? उद्या भंगारवाला नेईल, तेव्हा बघत बसशील. मी कापली तर निदान चालेल तरी." आपण बोलायचं सोडलं. म्हणजे तू बोलत होतास, मी जेवणाचा डबा उघडून तुझ्यापुढे सरकवत होते. हरेश, शेजारच्या गाळ्यातला लेथवाला, तुला म्हणाला, "काय रे, बहीण आज जास्त गप्प आहे का?" तू म्हणालास, "हो ना. आज ऐकू येतंय."

रविवार आला की तू त्या गाडीला हात लावायचास, बाकीचे दिवस गिऱ्हाइकांचे. चेसी कापलीस, लांब केलीस, पुन्हा जोडलीस. जोड दिसता कामा नये हा तुझा हट्ट. दुसरे लोक वर पुट्टी फासून झाकून टाकतात. तू झाकायचा नाहीस. तू ग्राइंडरने घासत राहायचास, बोट फिरवायचास, पुन्हा घासायचास, बोटाला काही लागेनासं होईपर्यंत.

गिऱ्हाइकाच्या गाडीला ग्राइंडर लावायच्या आधी तू काय करायचास, ते मी इतक्या वेळा पाहिलं आहे की झोपेतही सांगेन. हँडल जिथे फिरतं तिथे गाडीची मान असते. त्या मानेवर कारखान्याने ठोकलेला चेसीचा नंबर असतो. तू आधी त्या नंबरावर चिकटपट्टीचे चार थर लावायचास, मग बाकीचं. नवीन कोणी कामाला आला की पहिला धडा हाच. "नंबर गेला तर गाडी गेली. बाकी सगळं बाजारात मिळतं."

त्या रविवारी तू गाणं गुणगुणत होतास. आबांची गाडी अखेर एकसंध झाली होती. मी सीटचं कव्हर शिवत होते. ग्राइंडर बंद झाला, तू फडक्याने गाडीची मान पुसलीस. पुन्हा पुसलीस. मग अंगठा फिरवलास. मग बाहेर जाऊन स्टुलावर बसलास आणि चहा मागवलास. चहा आला, तू प्यायला नाहीस. मी बाहेर आले.

"सुमे, मी नंबर खाल्ला."

मला आधी समजलंच नाही. आत जाऊन पाहिलं. मान आरशासारखी गुळगुळीत. लोकांच्या एवढ्या गाड्यांना तू चिकटपट्टी लावलीस, आणि आपल्या गाडीला लावायची राहिली. घरचीच होती ना. घरच्या माणसाला कोण पट्टी लावतं.

हरेश म्हणाला, "टेन्शन कशाला घेतोस यार? आकडे ठोकायचे पंच आहेत माझ्याकडे. आबांच्या जुन्या आरसी पुस्तकात नंबर आहे ना? दहा मिनिटांत ठोकून देतो. कोणाच्या बापाला कळणार नाही." तो चांगल्या मनानेच म्हणाला. मलाही वाटलं, ठोकावा. आपल्याच बापाचा नंबर, आपल्याच बापाची गाडी. मी तसं बोलूनही दाखवलं. तू मान हलवलीस. "नंबर चोर ठोकतात. मी ठोकला तर आबांची गाडी चोरीची होईल." मी म्हटलं, "कोण विचारणार आहे?" तू म्हणालास, "मी विचारेन ना. रोज."

अजूनही मला वाटतं, त्या दिवशी ठोकू द्यायला हवा होता. तू असतास तर आपण अजून भांडलो असतो. तू नाहीस, म्हणून मी जिंकले असं होत नाही. नुसतं अर्धं राहिलं आहे.

तरी तू गाडी पूर्ण केलीस. एवढ्यावर सोडवेना तुला. आणि ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी मी पाहिलं, तू सीट दोन माणसांची ठेवली होतीस. तसल्या गाडीला मागे सीट शोभत नाही, हे तूच सगळ्यांना सांगायचास. तू फक्त म्हणालास, "बस." मी बसले. आपण गाळ्यांच्या आवारातून गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. गेटबाहेर न्यायची सोय नव्हती. हरेश टाळ्या वाजवत होता. मी आईच्या जागेवर बसले होते आणि मला तुला सांगायचं होतं की गाडी फार सुंदर झाली आहे, आबांना आवडली असती. मी सांगितलं नाही. वाटलं, रस्त्यावर जाईल तेव्हा सांगू.

मग तुझा खोकला. आधी सगळ्यांनाच वाटलं, हवा बदलली. मग जिना चढताना तू मध्येच थांबायला लागलास आणि थांबल्यावर कोणाशी तरी बोलण्याचं नाटक करायचास. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. तू म्हणालास, स्प्रे पेंटिंग, वेल्डिंग, घासकाम. तोंडाला काही लावायचात का? तू हसलास, "रुमाल होता ना." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला. वहिनी त्या फोटोकडे बघत होती आणि मी तुझ्या हातांकडे. नखांत लाल रंग तसाच होता. कुठल्या गाडीचा, तेही मला माहीत होतं.

तिथेच तू मला ते काम सांगितलंस. नाकात नळी होती. म्हणालास, "आरटीओत जा. तिथे नंबर परत ठोकून मिळतो, रीतसर. विचार." मी म्हटलं, तू बरा होऊन जा ना. तू म्हणालास, "तू बोलत नाहीस म्हणून तुला पाठवतोय. बोलणाऱ्यांना ते बाहेर काढतात." हसायला गेलास आणि खोकत राहिलास. तुझा तो शेवटचा विनोद, दादा. मला तेव्हाही हसू आलं नाही, आताही येत नाही.

मी गेले. तू गेल्यावर महिनाही झाला नव्हता. आबांचं जुनं पुस्तक पिशवीत घेऊन मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला आणि आवाज फुटेना. मागचे लोक म्हणाले, "ओ ताई, बोला ना, नाहीतर बाजूला व्हा." मी बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी परत गेले. बाहेर फॉर्म भरून देणारा एक म्हातारा एजंट बसतो. त्याने मला ओळखलं, "कालच्या ना तुम्ही?" त्याला सगळं सांगितलं. एवढं मी तुझ्याशीही एका दमात बोलले नसेन.

त्याने पुस्तक चाळलं. म्हणाला, "गाडी वडिलांच्या नावावर, वडील नाहीत. नंतर भावाच्या नावावर केली का?"

"नाही."

"भाऊ?"

"तोही नाही."

त्याने चष्मा काढला. "चेसी कापली आहे म्हणता?"

"हो. लांब केली."

"ताई, नंबर पुसला असेल तर मार्ग असतो. पोलिसांचा दाखला, तपासणी, वेळ लागतो पण होतं. पण तपासणीला गाडी मूळ हवी. तुमची गाडी कागदावर आहे ती समोर नाही, आणि समोर आहे ती कागदावर नाही."

मी विचारलं, इंजिनावरचा नंबर तर आहे ना. तो म्हणाला, नुसत्या त्याने भागत नाही. मग मला आत साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तुझ्या गाडीचा फोटो मोबाइलवर बराच वेळ बघितला, मोठा करून बघितला. म्हणाले, "हात चांगला होता हो भावाचा." आणि मोबाइल मला परत दिला. नाही म्हणतानासुद्धा ते वाईट वागले नाहीत. वाईट वागले असते तर बरं झालं असतं, कोणाला तरी दोष देता आला असता. मी जिना उतरून खाली आले आणि कोणाला बोलावं ते सुचेना. तुलाच बोलावं, तर तू कुठे आहेस.

तोवर गाळ्यांची जागा बिल्डरकडे गेली होती. टॉवर होणार. हरेश आपली लेथ घेऊन भिवंडीला गेला. जाताना पंचांचा डबा माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, अजून वेळ आहे. ठोकू का?" मी डब्याकडे बघत राहिले. मग मान हलवली, तुझ्यासारखीच. त्याने डबा बंद केला.

वहिनीला म्हटलं, गाडी घरी ठेवू. वहिनी भाकरी थापत होती. म्हणाली, "सुमन, तुझा जीव अडकलाय ते मला दिसतंय. माझा नाही का? पण ठेवायची कुठे, उशाला? टेकडीवर खोलीपर्यंत चढवायची कशी? आणि उद्या पोलीस आला, नंबर दाखवा म्हणाला, तर मी त्याला काय दाखवू, तुझ्या दादाचा फोटो?" ती ओरडली नाही. भाकरी तव्यावर करपली, तेव्हा कळलं की ती रडत होती.

म्हणून मी कांजूरच्या भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, गाडीभोवती फिरला, मानेवर टॉर्च मारला. मागे सरकला. "बहन, ही मी घेत नाही."

"का?"

"नंबर नाही हिला. अख्खी गाडी माझ्याकडे सापडली तर मी आत जाईन. तुकडे करून आणा, तुकडे घेतो. तुकड्याला कोण नंबर विचारतो?"

मी म्हटलं, तुम्हीच करा तुकडे. तो म्हणाला, "ना ना. तुमच्या घरची चीज आहे, तुमच्या जागेत तुम्हीच सोडवा."

काल दुपारी मी ती सोडवली, दादा. गाळ्यात मी एकटी. तू कामाला लागलास की मला हत्यारं मागायचास, म्हणून कुठला पाना कुठे लागतो ते माहीत होतं. लावला मात्र कधी नव्हता. सीट काढली, ती भंगारात चालत नाही म्हणून घरी आणली आहे. टाकी काढली. हँडल, दिवा, सायलेन्सर. एकेक वस्तू खाली गोणपाटावर ठेवत गेले. तू जोडताना पाहिलेलं सगळं उलटं होत होतं. इंजिन उतरवताना पायावर आलं असतं, थोडक्यात वाचले. तिथेच खाली बसून राहिले. बाहेर आवारात कोणी नव्हतं, सगळे गाळे उघडे आणि रिकामे.

शेवटी मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, त्याचा नट राहिला. तो सुटेना. गंज सुटावा म्हणून त्यावर डिझेल सोडलं, थांबले, पुन्हा पाना लावला. हातोडीने ठोकलं. पान्याला पाइप अडकवून त्यावर पाय देऊन उभी राहिले, माझं सगळं वजन टाकून. जरा हलेल तर शपथ. तू आवळलेला होता. गाडी लांब पल्ल्याला जाणार म्हणून आवळला होतास, मला माहीत आहे, मी तिथेच होते. तू दात खाऊन पाना ओढत होतास आणि म्हणत होतास, हा आता आयुष्यात सुटायचा नाही.

मला राग आला. तुझ्यावर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्या रिकाम्या गाळ्यात मी मोठ्याने ओरडले, "सोड की रे आता! सोड ना, दादा!"

पुन्हा पाइपवर चढून वजन टाकलं.

तू सोडलं नाहीस. मग मी ग्राइंडर लावला.